लिंबाची साल, पनवेलचं औषध आणि आपल्या घरची बरणी



दिवाळी महिन्यावर आली की आपल्या बचत गटांमध्ये उटण्याच्या पुड्या भरायचं काम सुरू होतं. आंबेहळद, कचोरा, नागरमोथा, वाळा, मुलतानी माती आणि संत्र्याच्या सालीची पूड. पुडीवर बहुतेक वेळा छापलेलं असतं, ‘हजारो वर्षांची परंपरा’. आज त्या सालीबद्दलच बोलायचं आहे. ही साल खरंच इतकी जुनी आहे का, ती औषधात कशी आली, आपल्या पनवेलचा तिच्याशी काय संबंध, हे बघू. मध्येच कृतीही सांगणार आहे, तेव्हा कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

आधी फळाचं कूळ बघू. लिंबू, संत्रं, मोसंबी, पपनस, ईडलिंबू ही सगळी एकाच भावकीतली. शास्त्रज्ञांनी अलीकडे त्यांची जनुकं तपासून वंशावळ मांडली आहे. मूळ घराणी थोडीच: महाळुंग, पपनस, संत्र्याचा पूर्वज आणि एकदोन रानटी आंबट फळं. बाकीची बहुतेक यांच्या संकरातून झालेली. गंमत अशी की आपलं कागदी लिंबू घ्या, नाहीतर परदेशातलं मोठं पिवळं लिंबू घ्या, दोघांचा बाप महाळुंगच. आया तेवढ्या वेगळ्या. या सगळ्यांचं माहेर म्हणजे हिमालयाचा पूर्वेकडचा पायथा, आसाम, ब्रह्मदेश आणि चीनचा युनान प्रांत, हा पट्टा. नारंग हे आपलं नाव फारसी-अरबी बोलणाऱ्यांच्या तोंडून स्पेनपर्यंत गेलं आणि पुढे इंग्रजीत त्याचं ऑरेंज झालं. फळाबरोबर नावही परदेशी गेलं.

आता नागपूरचं संत्रं. नारंग हे नाव जुन्या ग्रंथांत आहे, पण ज्याची साल आज आपण उटण्यात घालतो ते नागपुरी संत्रं तितकं जुनं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी ते औरंगाबादकडून आणून आपल्या बागेत लावलं, असं सांगतात. मुंबईहून नागपूरपर्यंत रेल्वे झाली १८६७ साली. त्याच्या आधी बैलगाडीने इतक्या लांबून संत्री कोकणात येतील आणि त्यांच्या साली घरोघर सुपात वाळतील, हे मला तरी पटत नाही. म्हणजे आपल्या बाजूला संत्र्याची साल आली ती फार तर दीडशे वर्षांत. मोसंबी तर नावातच मोझांबिक घेऊन आली आहे. ‘हजारो वर्षं’ हे शब्द छापायचेच असतील तर ते महाळुंगाच्या पुडीवर छापावेत.

महाळुंग तुमच्यापैकी किती जणींनी पाहिलंय? खडबडीत, जाडजूड सालीचं, पोटात रस अगदी बेताचा. आज बाजारात ते क्वचित दिसतं. पण कोल्हापूरच्या अंबाबाईचं दर्शन तुम्ही घेतलं असेल, तर ते पाहिलंच आहे. देवीच्या खालच्या उजव्या हातात जे फळ आहे ते महाळुंग. संस्कृतात त्याला मातुलुंग म्हणतात, आणि बीजपूर असंही म्हणतात, म्हणजे बियांनी भरलेलं. तळकोकणात आणि गोव्यात गणपतीच्या वर जी माटोळी बांधतात, तिच्यात इतर रानफळांबरोबर या कुळातली फळंही टांगतात.

वैद्यांनी या फळाकडे फार बारकाईने पाहिलं आहे. वाग्भटाचा ‘अष्टांगहृदय’ हा ग्रंथ आपल्याकडच्या वैद्यांच्या अगदी रोजच्या वापरातला. साधारण तेराशे वर्षांपूर्वीचा. त्यात महाळुंगाचे तीन भाग वेगवेगळे करून सांगितले आहेत. साल कडू-तिखट, स्निग्ध आणि वात कमी करणारी. गर गोड, जड आणि पोसणारा. आतलं केसर हलकं, खोकला, दमा, उचकी यांवर चालणारं. एकाच फळाचे तीन भाग, तिघांचे गुण निराळे. आपण मात्र सरसकट ‘लिंबूवर्गीय फळं चांगली’ असं म्हणून मोकळ्या होतो. साल ही रसाची धाकटी बहीण नाही, तिचं काम वेगळं आहे, हे तेव्हा माहीत होतं.

पुढे साधारण चारशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात लोलिंबराज नावाचा वैद्य होऊन गेला. वैद्यही आणि कवीही. त्याचा ‘वैद्यजीवन’ हा छोटासा ग्रंथ सगळा श्लोकांत आहे आणि तो त्याने आपल्या प्रियेला, रत्नकलेला, उद्देशून लिहिला आहे. रोग, औषध, अनुपान, सगळं तिला सांगतोय. त्यांच्या लग्नाच्या पुष्कळ आख्यायिका आहेत, त्या आज सोडून देऊ. मला त्यातली एवढीच गोष्ट मोलाची वाटते की वैद्यकाचं पुस्तक एका बाईला ऐकवलं आहे. ती किती जाणकार होती, तिने त्याला काय सांगितलं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. आज दुकानात लशुनादि वटी मिळते, तिचं मूळ या ग्रंथात आहे. लसूण, जिरं, सैंधव, शुद्ध गंधक, सुंठ, मिरी, पिंपळी आणि हिंग, हे सगळं लिंबाच्या रसात खलायचं. घरी गंधक घेऊन हा प्रयोग कुणी करू नये, तो वैद्याचा आहे.

लोलिंबराजाने ही गोळी विषूचिकेवर म्हणून सांगितली आहे. विषूचिका म्हणजे जुलाब-उलट्यांचा आजार, ज्याला पुढे लोक पटकी म्हणू लागले. इथे जरा थांबू, कारण यात जिवाचा प्रश्न आहे. पटकीत माणूस मरतो तो अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. गोळीने भूक सुधारेल, पोट हलकं होईल, पण गेलेलं पाणी परत कोण आणणार? ते कोडं सुटलं फार उशिरा. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली. सलाईन संपलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज घातलेलं पाणी पिंपात भरून लोकांना पाजायला सुरुवात केली. तिथलं मरणाचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आलं. पाजणारे कोण होते? बहुतेक घरचेच लोक. त्याची घरगुती कृती अशी: एक लीटर उकळून गार केलेलं पाणी, सहा सपाट लहान चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चवीला लिंबू पिळलं तरी चालतं. मीठ अंदाजाने वाढवायचं नाही. आशाताईंकडे पुडी मिळत असेल तर ती आधी.

आता पनवेल. आज आपण पनवेल म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे येतात पूल, स्टेशन आणि गाड्यांची गर्दी. पण एकोणिसाव्या शतकात पनवेल हे बंदर होतं. मुंबईहून माणूस होडीने पनवेलला यायचा आणि इथून पुढे घाट चढून पुण्याला जायचा. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला आणि घाटावरचा माल गाड्या भरभरून इथे उतरू लागला. बैलगाडीच्या चाकांसाठी पनवेलचं नाव होतं. १८५२ साली इथे नगरपालिका झाली, महाराष्ट्रातल्या पहिल्यावहिल्या नगरपालिकांपैकी ती एक. असं भरभराटीचं गाव, आणि मग १८६३ साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली. ती कल्याण-कर्जतवरून गेली. पनवेल बाजूला पडलं. इथे रेल्वे यायला पुढे शंभर वर्षं लागली.

रेल्वेने असं टाळलेल्या गावात १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी औषधं करण्याचा कारखाना काढला, श्री धूतपापेश्वर. राजापूरजवळ धोपेश्वरला धूतपापेश्वराचं जुनं देऊळ आहे, त्या देवाचं हे नाव. तोपर्यंत वैद्य रोग्याला बघून, त्याच्यापुरतं औषध खलात घोटून देत असे. कारखाना निघाला म्हणजे तेच औषध एकदम पुष्कळ करायचं, बाटलीत किंवा डबीत भरायचं, आणि वैद्याने कधी न पाहिलेल्या रोग्याकडे पाठवायचं. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण विचार करा, त्यासाठी दर वेळी औषध सारखंच व्हायला हवं. पनवेलला जागा म्हणून फायदा होताच. मागे सह्याद्रीचं रान आणि तिथला हिरडा-बेहडा, पुढे खाडी आणि पलीकडे मुंबईची पेठ. रेल्वे नसली तरी होडी होती. हा कारखाना दीडशे वर्षांहून जास्त टिकला आहे आणि त्याच्यामुळे पनवेलचं नाव देशभरच्या वैद्यांना ठाऊक झालं.

त्याच काळात मुंबईत इंग्रज सरकारच्या औषधभांडाराचा एक अधिकारी, विल्यम डायमॉक, बाजारातल्या आणि रानातल्या औषधांची नोंद करत होता. त्याने वॉर्डन आणि हूपर या दोघांबरोबर १८९० ते १८९३ या वर्षांत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हे तीन खंडांचं पुस्तक काढलं. वनस्पतींची मराठी नावंही त्यात आहेत. इंग्रजांच्या स्वतःच्या औषधसूचीतही कडू संत्र्याची साल होती. तिचा फांट आणि अर्क ते भूक लागण्यासाठी आणि दुसऱ्या औषधाची वाईट चव झाकण्यासाठी वापरत. म्हणजे वैद्य, कारखानदार आणि साहेब, सगळ्यांनी आपापल्या वहीत साल लिहून ठेवली. जिने ती सोलली, वाळवली, किडली का बघितली, ती त्या वह्यांत नाही. मला याचं वाईट वाटतं, पण आश्चर्य नाही वाटत.

पुढे कायदे आले. १९४० चा औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा आधी फक्त डॉक्टरी औषधांपुरता होता. १९६४ च्या दुरुस्तीने आयुर्वेदिक औषधंही त्याच्या कक्षेत आली. मधे १९५४ मध्ये जादूई उपायांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा झाला. त्यात ठरावीक आजारांची यादी आहे, ते आजार बरे करतो अशी जाहिरात करणं गुन्हा आहे. मधुमेह त्या यादीत आहे. हे लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

कायद्याने बाटली आणि डबी ताब्यात घेतली. बरणी मात्र घरात राहिली. माझ्या मते आपल्या घरातलं सालीचं खरं औषध म्हणजे काढा नव्हेच, ते म्हणजे जुनं लिंबाचं लोणचं. तेल नाही, मोहरी नाही. किलोभर पातळ सालीची, डाग नसलेली लिंबं पुसून कोरडी करायची, फोडी करायच्या, पाव किलो मीठ घालायचं, चिनी मातीच्या बरणीत भरून दादरा बांधायचा, पंधरा दिवस ऊन दाखवायचं आणि मग विसरून जायचं. वर्षाने साल मऊ होते. दोन-तीन वर्षांनी ते काळं पडतं. तापातून उठलेल्या माणसाला तोंडाला चव नसते, तेव्हा मऊ भात किंवा पेज आणि त्याच्या कडेला या काळ्या लोणच्याचं बोट. आमच्या घरी बाळंतिणीलाही द्यायचे. रसाचं केव्हाच खारं पाणी झालेलं असतं, आपण चाखतो ती सालच. चीनमध्ये ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुई गावी संत्र्याची साल अशीच वर्षानुवर्षं मुरवतात, फक्त मिठाशिवाय, वाळवून. निदान तीन वर्षं झाल्याशिवाय तिला ते मानाचं नाव देत नाहीत. पोट जड झालं, कफ झाला की तिचा तुकडा उकळत्या पाण्यात. इतक्या लांबच्या बायकांना आणि आपल्या आज्यांना एकच गोष्ट सुचली. एवढंच की ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी या खारट लोणच्यापासून लांब राहावं.

आता फांट. शार्ङ्गधराने आपल्या ग्रंथात औषध पाण्यात उतरवण्याचे प्रकार मापासकट दिले आहेत. काढा म्हणजे एक भाग औषध आणि सोळा भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा ठेवायचं. फांट म्हणजे एका भागाला चार भाग गरम पाणी ओतायचं, झाकायचं, गाळायचं. हिम म्हणजे सहा भाग गार पाण्यात रात्रभर भिजवायचं. मूळ, खोड असं कठीण औषध असेल तर काढा. पण सालीसाठी फांट किंवा हिम. कारण उघड आहे. सालीवर जे बारीक ठिपके दिसतात त्या तेलाच्या पिशव्या आहेत. संत्र्याची साल दिव्याजवळ पिळली की ठिणगी उडते ना, तेच तेल. गुण त्याच्यात आहे आणि ते वाफेबरोबर उडून जातं. सालीचा काढा वीस मिनिटं उकळताना घरभर सुंदर वास सुटला, याचा अर्थ तेल घरभर गेलं, भांड्यात कडू पाणी राहिलं.

तेव्हा कृती अशी. फळ घरच्या झाडाचं असेल तर उत्तम. बाजारच्या फळांवर कधी मेण लावलेलं असतं, फवारणीचा अंश असतो, म्हणून कोमट पाण्यात मीठ टाकून चांगली चोळून धुवायची. साल पातळ काढायची. आतला पांढरा भाग जास्त कडू असतो, तो सुरीने खरवडून टाकायचा. सावलीत, वाऱ्यावर, पातळ फडक्याखाली वाळवायची. कडक उन्हात तेल जातं. आपल्याकडे पावसाळ्यात हे काम घेऊच नये, हवेत इतका ओलावा असतो की साल वाळण्याआधी बुरशी धरते. वाकवली की कट्कन मोडली पाहिजे. जराही हिरवट-पांढरी बुरशी दिसली तर तेवढा तुकडा काढून चालत नाही, सगळी टाकायची. कपभर उकळतं पाणी उतरवून त्यात चहाच्या एका चमच्याएवढा सालीचा चुरा, थोडं आलं, झाकण, दहा मिनिटं, गाळा. पितळेचं, तांब्याचं किंवा ॲल्युमिनियमचं भांडं नको. स्टील किंवा काच घ्या. शार्ङ्गधराचं माप याहून कडक आहे, ते वैद्याने द्यायचं. आपल्याला जेवणानंतर पोट जड झालं, मळमळलं, घसा खवखवला, एवढ्यासाठी हे पुरे.

यातून काय मिळत नाही, तेही सांगते. करोनाच्या काळात, २०२० साली, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ, मनुका यांचा काढा सांगितला होता, आणि त्यात हवं तर गूळ किंवा ताजं लिंबू चवीपुरतं. मग घराघरांत लिंबंच्या लिंबं सालीसकट उकळली जाऊ लागली, ‘सी जीवनसत्त्व’ मिळतं म्हणून. सी जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. इंग्रजांच्या आरमाराला हा धडा फार महागात पडला. १७४७ साली जेम्स लिंड या डॉक्टरने जहाजावरच्या बारा आजारी खलाशांवर सहा वेगळे उपाय करून पाहिले. हिरड्या सडून माणसं मरत, तो हा आजार. रोज दोन संत्री आणि एक लिंबू मिळालेले दोघे सहा दिवसांत उठून बसले. १७९५ पासून सगळ्या आरमाराला लिंबाचा रस मिळू लागला आणि आजार जवळजवळ गेला. पण पुढे फळ बदललं, साठवण्याची रीत बदलली, आणि १८७५ साली उत्तर ध्रुवाकडे गेलेल्या मोहिमेत रस पिऊनही खलाशी त्याच आजाराने पडले. रस होता, त्यातला जीव गेला होता. आपल्याला सी जीवनसत्त्व हवं तर ताजं लिंबू जेवताना पानात पिळायचं. साल त्यासाठी नाही.

आणखी एक सावधगिरी, ही आपल्या कोकणातल्या पपनसवाल्यांसाठी. १९८९ साली कॅनडात डेव्हिड बेली आणि त्यांचे सहकारी रक्तदाबाच्या एका गोळीवर अभ्यास करत होते. दारूची चव झाकायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि रक्तातलं औषध अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त निघालं. ग्रेपफ्रूट हे पपनसाचंच अपत्य. पपनसातही तो गुण आहे, आणि सालीतही. म्हणून रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू असतील त्यांनी पपनस आणि त्याच्या सालीचं काहीही घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. ‘घरगुती आहे, काय होतंय’ हे वाक्य इथे चालत नाही. तान्ह्या मुलाला फांट नको, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मधही नको. मुलाचा श्वास जोरात चालला असेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर साल बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.

आता परत उटण्याकडे. गटातल्या एकीने विचारलं होतं की लिंबाची साल स्वस्त पडते, ती घातली तर? सरबतवाल्याकडे ढीग असतो, मोह होतो. पण कागदी लिंबाच्या सालीत असे पदार्थ असतात की ते अंगाला लागून ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, फोड येतात, पुढे काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. लिंबू सरबत करून तसंच उन्हात गेल्यावर हाताला असे डाग पडलेल्या बायका मी पाहिल्यात. उटण्यात संत्र्याचीच साल, तीही थोडी, वस्त्रगाळ करून. सरबतवाल्याच्या ढिगातली तर नकोच, ती किती वेळ ओली पडली होती कोण जाणे.

आणि पुडीवरचे शब्द. घरात वापरायला कुणाची परवानगी लागत नाही. विकायचं म्हटलं की उटण्याला सौंदर्यप्रसाधनाचे नियम लागतात, ‘आयुर्वेदिक औषध’ लिहिलंत तर औषधाचा परवाना लागतो, लोणच्याला अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती नोंदणी लहान उद्योगाला फार अवघड नाही. अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात एकदा दोघी-तिघींनी जाऊन विचारून या. ‘मुरुम, डाग, मधुमेह, सर्व रोगांवर’ असं काही छापू नका. घटक लिहा, वजन लिहा, कधी केलं ते लिहा. कोरड्या डब्यात सालीची पूड सहा महिने चांगली राहते, पुढे वास उतरतो. वास गेला की पूड तुळशीच्या कुंडीत घाला आणि डबा धुऊन नव्या सालीसाठी उन्हात ठेवा.